पर्युदराच्या कर्करोगावरील उपचार : तज्ज्ञमतांची चिकित्सा
(भोर व वेल्हे तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

पोटाच्या आतील अस्तरास म्हणजेच पर्युदरास होणाऱ्या अथवा तेथे पसरणाऱ्या कर्करोगांच्या उपचारांविषयी गेल्या चार दशकांत तज्ज्ञांमध्ये तीव्र मतभेद राहिले आहेत. विस्तृत शस्त्रक्रिया व तिच्या जोडीला पोटात फिरवलेले तापवलेले औषध ही पद्धती एका गटास वरदान वाटते, तर दुसऱ्या गटास ती पुराव्याच्या पुढे धावणारी वाटते. प्रस्तुत लेखात या वादातील प्रमुख चाचण्या व त्यांवरील तज्ज्ञांची भाष्ये यांची चिकित्सा केली असून, ही मते पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांतील रुग्णाच्या बाजूने वाचली असता कोणते प्रश्न उभे राहतात याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पर्युदर, जलोदर, हायपेक, रुग्णनिवड, परिहारक सेवा, कर्करोग नोंदणी.

प्रास्ताविक

आतडी, जठर, यकृत, गर्भाशय आदी अवयवांवर आणि पोटाच्या भिंतीच्या आतील बाजूस एक पातळ, ओलसर पडदा पसरलेला असतो. मराठीतील ज्ञानकोशीय लेखनात त्यास 'पर्युदर' म्हटले जाते. रुग्णालयांतून मात्र 'पेरिटोनियम' हाच शब्द चालतो. हा पडदा उलगडून पसरला तर त्याचे क्षेत्रफळ माणसाच्या कातडीच्या क्षेत्रफळाच्या जवळपास भरते, असे शरीररचनाशास्त्र सांगते. या पडद्याचा स्वतःचा कर्करोग विरळा आहे. बहुतेक वेळा अंडाशय, मोठे आतडे, जठर किंवा आंत्रपुच्छ येथील रोग फुटून त्याच्या पेशी पडद्यावर रुजतात. पोटात पाणी साचू लागते, भूक मंदावते, आतडी जखडली जातात.

भोर-वेल्ह्याकडील बोलीत या अवस्थेस एकच वाक्य आहे : 'पोटात पाणी झालंय.' जुन्या वैद्यकात त्यालाच जलोदर म्हणत. मात्र जलोदर हे लक्षण आहे, रोग नव्हे. दारूने खराब झालेले यकृत, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, पोटाचा क्षय आणि पर्युदरावर पसरलेला कर्करोग या साऱ्यांत पोट सारखेच फुगते. तज्ज्ञांच्या लेखनाचा आरंभ निदान झालेल्या रुग्णापासून होतो. या दोन तालुक्यांतील रुग्णाचा प्रवास त्याच्या बराच आधी सुरू होतो. या अंतराकडे तज्ज्ञमतांची चिकित्सा करताना दुर्लक्ष करता येत नाही.

वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. तथापि लोकव्यवहारात व जुन्या दप्तरांत वेल्हे हेच नाव रूढ असल्याने येथे तेच ठेवले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भोरची लोकसंख्या एक लाख ८६ हजारांच्या व वेल्ह्याची ५४ हजारांच्या आसपास होती. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कुशीतले, भातशेतीचे आणि धरणांचे. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी यांच्या जलाशयांनी खोरी तोडलेली असल्याने नकाशावर जवळ दिसणारी गावे रस्त्याने दूर पडतात.

असाध्यतेपासून 'स्थानिक रोगा'पर्यंत

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत पर्युदरावर पसरलेला कर्करोग म्हणजे शेवट, असेच शल्यचिकित्सक मानत. पोट उघडावे, आत सर्वत्र दाणे दिसावेत आणि पोट पुन्हा शिवून टाकावे, असा शिरस्ता होता. १९८० मध्ये अमेरिकेतील जॉन स्प्रॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या पोटात तापवलेले औषध फिरवण्याचा प्रयोग नोंदवला. पुढे वॉशिंग्टन येथील पॉल शुगरबेकर यांनी या कल्पनेला शस्त्रक्रियेची भक्कम जोड दिली. पर्युदराचे रोगग्रस्त भाग सोलून काढण्याच्या पद्धती त्यांनी १९९५ मध्ये तपशिलाने मांडल्या.

शुगरबेकर यांचे खरे योगदान तंत्रापेक्षा दृष्टिकोनात आहे. पर्युदरावर पसरलेला रोग म्हणजे साऱ्या शरीरात पसरलेला रोग, ही समजूत त्यांनी नाकारली. यकृतात किंवा फुप्फुसात रोग गेलेला नसेल, तर पर्युदरावरील रोग हा एका पोकळीपुरता मर्यादित रोग मानावा आणि त्याच्यावर त्या पोकळीतच उपचार करावेत, असा त्यांचा सिद्धान्त आहे. रोगाचा विस्तार मोजण्यासाठी पोटाचे १३ भाग कल्पून प्रत्येकास शून्य ते तीन गुण देण्याची पद्धत रूढ झाली. एकूण गुण जास्तीत जास्त ३९. शस्त्रक्रियेनंतर किती रोग मागे उरला याचीही श्रेणी ठरली. अडीच मिलिमीटरपेक्षा लहान कण उरले तर शस्त्रक्रिया चांगली झाली, असे मानले जाते.

हा अडीच मिलिमीटरचा आकडा समजून घेणे अगत्याचे आहे, कारण संपूर्ण वादाची किल्ली त्यात आहे. पोटात सोडलेले औषध गाठीच्या पृष्ठभागातून फार तर एक ते तीन मिलिमीटर आत शिरते. त्यापेक्षा जाड गाठ असेल तर तिचा गाभा औषधाला दिसतही नाही. म्हणून आधी शस्त्रक्रियेने दिसेल तेवढा रोग काढायचा आणि मग ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाचे औषध अर्धा ते दीड तास पोटात फिरवायचे, असा क्रम आहे. या दुसऱ्या टप्प्याला 'हायपेक' म्हणतात. एकूण शस्त्रक्रिया आठ-दहा तास किंवा त्याहूनही अधिक चालते.

मराठी वृत्तपत्रांतून आणि रुग्णालयांच्या जाहिरातवजा मजकुरातून हायपेकचे वर्णन 'गरम औषधाने पोट धुणे' असे केले जाते. हा शब्दप्रयोग सोपा आहे, पण दिशाभूल करणारा आहे. धुण्याने मळ निघतो, तसा औषधाने सगळा रोग निघून जातो, अशी समजूत त्यातून होते. प्रत्यक्षात औषधाचा वाटा लहान आणि सुरीचा वाटा मोठा. काही तज्ज्ञही रुग्णाशी बोलताना हेच रूपक वापरतात आणि नेमका अवघड भाग, म्हणजे आतड्याचे तुकडे, प्लीहा, गर्भाशय, अंडाशय काढावे लागण्याची शक्यता, मागे पडतो.

डच चाचणी आणि तिचा अर्थ

हायपेकच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत झालेला पुरावा नेदरलँड्सचा. तेथील व्हेरवाल व सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा पर्युदरावर प्रसार झालेल्या १०५ रुग्णांवर केलेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीचे औषधोपचार घेतलेल्या गटाचे मध्यमान आयुर्मान १२.६ महिने, तर विस्तृत शस्त्रक्रिया व हायपेक घेतलेल्या गटाचे २२.३ महिने भरले. उपचारगटातील सुमारे आठ टक्के रुग्ण उपचारांच्या दुष्परिणामांनी दगावले. तरीही जवळपास दुप्पट आयुष्य ही बाब थोडी नव्हती आणि जगभर केंद्रे उभी राहू लागली.

या चाचणीच्या रचनेत एक उघड त्रुटी होती. एका गटाला शस्त्रक्रिया आणि हायपेक दोन्ही मिळाले, दुसऱ्याला दोन्हींपैकी काहीच पूर्णांशाने नाही. फायदा झाला तो कशाचा, सुरीचा की गरम औषधाचा, हे त्यावरून ठरवता येत नव्हते. शिवाय तुलनेच्या गटाला दिलेली औषधे त्या काळाची, जुन्या पिढीची होती. असे असूनही पुढील दीड दशक अनेक तज्ज्ञांनी हायपेक हा शब्द आणि यश हा शब्द जोडूनच वापरला. वैद्यकातील चर्चाविश्वाचा अभ्यास करणाऱ्यास ही बाब विशेष लक्षणीय वाटेल : पुरावा एका संयुक्त उपचाराचा होता, नाव मात्र त्यातील एका घटकाचे झाले.

फ्रान्सची चाचणी व मतांची दुफळी

हा गुंता सोडवण्यासाठी फ्रान्समधील १७ केंद्रांनी प्रॉडिज-७ ही चाचणी केली. येथे २६५ रुग्णांची शस्त्रक्रिया आधी पूर्ण करण्यात आली आणि मग चिठ्ठीने अर्ध्यांना हायपेक देण्यात आले. २०१८ मध्ये शिकागोच्या परिषदेत निष्कर्ष मांडले गेले, २०२१ मध्ये ते 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. हायपेक घेतलेल्यांचे मध्यमान आयुर्मान ४१.७ महिने, न घेतलेल्यांचे ४१.२ महिने. म्हणजे फरक जवळपास नाहीच. साठ दिवसांपर्यंतचे गंभीर दुष्परिणाम मात्र हायपेकच्या गटात अधिक, २६ टक्के विरुद्ध १५ टक्के.

यानंतर तज्ज्ञांच्या मतांत जी दुफळी झाली ती या लेखाचा मध्यवर्ती विषय आहे. हायपेकचे पुरस्कर्ते म्हणाले की ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध तेथे चुकीचे होते, अर्ध्या तासाचा अवधी अपुरा होता आणि हायपेक न घेतलेल्या गटातील काहींना पुढे रोग उलटल्यावर तेच देण्यात आले. हे आक्षेप तांत्रिकदृष्ट्या निराधार नाहीत. तथापि एक प्रश्न विचारावाच लागतो. निकाल अनुकूल लागला असता तर हेच औषध आणि हाच अर्धा तास कोणी चुकीचा ठरवला असता काय? यशाचे श्रेय पद्धतीला आणि अपयशाचे खापर मात्रेवर, हा तर्क कोणत्याही उपचाराला खोटा ठरूच देत नाही.

विरोधी गटाचीही एक चूक नोंदवली पाहिजे. प्रॉडिज-७ मुळे पर्युदराची शस्त्रक्रियाच निरर्थक ठरली, असा अर्थ काहींनी लावला. तो सर्वस्वी चुकीचा आहे. डच चाचणीतील तुलनेच्या गटाचे साडेबारा महिने आणि फ्रेंच चाचणीतील दोन्ही गटांचे ४१ महिने यांच्यातील फरकात नवी औषधे, अनुभवी हात आणि काटेकोर रुग्णनिवड यांचा वाटा आहे. कुशल शल्यचिकित्सकाने केलेली पूर्ण शस्त्रक्रिया निवडक रुग्णाला वर्षे देऊ शकते, हे या चाचणीने झाकले नाही, उलट ठळक केले. आंत्रपुच्छातून पसरणाऱ्या, पोट चिकट द्रवाने भरून टाकणाऱ्या 'स्यूडोमिक्सोमा' या विरळ रोगात तर ते आणखी स्पष्ट दिसते. अनेक देशांतील केंद्रांच्या २,२९८ रुग्णांच्या एकत्रित नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा मध्यमान आयुर्मान सोळा वर्षांहून अधिक आढळले. एकाच पडद्यावरच्या दोन रोगांची गती इतकी भिन्न असताना सर्वांसाठी एकच मत मागणे हेच मुळात गैर होय.

अंडाशयाचा प्रश्न

भोर-वेल्ह्यासारख्या भागात या विषयाचे सर्वांत मोठे टोक अंडाशयाच्या कर्करोगाचे असणार, कारण बहुसंख्य स्त्रियांत तो पर्युदरावर पसरल्यावरच लक्षात येतो. भारतात दरवर्षी अशा सुमारे ४५ हजारांहून अधिक नव्या रुग्णांचा अंदाज जागतिक आकडेवारीत दिला जातो.

अंडाशयाच्या बाबतीत पुरावा थोडा निराळा आहे. २००६ मध्ये आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी साध्या तापमानाचे औषध नळीवाटे थेट पोटात देण्याची चाचणी प्रसिद्ध केली. आयुर्मान ४९.७ महिन्यांवरून ६५.६ महिन्यांवर गेले. पण ठरलेले सहा डोस पोटातून पूर्ण घेऊ शकलेल्या स्त्रिया अवघ्या ४२ टक्के होत्या. परिणामकारक पण सोसवेना, अशी ती स्थिती होती आणि पुढे ती पद्धत बऱ्याच ठिकाणी मागे पडली. २०१८ मध्ये नेदरलँड्स व बेल्जियम येथील व्हान ड्रील व सहकाऱ्यांनी २४५ स्त्रियांवरील चाचणी मांडली. आधी तीन वेळा शिरेवाटे औषध, मग शस्त्रक्रिया, त्याच वेळी सिस्प्लॅटिनचे हायपेक आणि नंतर पुन्हा तीन वेळा औषध, असा क्रम होता. आयुर्मान ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर गेले. २०२३ मधील दहा वर्षांच्या पाठपुराव्यातही फरक टिकला.

येथेही मतभेद झालेच. इग्नास व्हेरगोट, लुईस चिवा व आंद्रेआस द्यू ब्वा या युरोपातील स्त्रीकर्करोगतज्ज्ञांनी त्याच नियतकालिकात पत्र लिहून शंका मांडल्या. अल्प रुग्णसंख्येच्या एका चाचणीवर उपचाराची दिशा बदलू नये, असा सावधगिरीचा सूर अनेकांनी लावला. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातील चाचणीत एकूण रुग्णांना लाभ आढळला नाही, आधी औषधे घेतलेल्या गटात मात्र आढळला. या मुद्द्यावर सावध अनुकूलता रास्त वाटते. आधी औषध घेऊन मग शस्त्रक्रिया करणाऱ्या, प्रकृतीने धडधाकट स्त्रीला अनुभवी केंद्रात हायपेक सुचवणे पुराव्याला धरून आहे. पर्युदरावर रोग दिसला की प्रत्येकीला ते सुचवणे मात्र नाही.

भारतातही या विषयाची स्वतंत्र चळवळ उभी राहिली आहे. 'इंडियन नेटवर्क फॉर डेव्हलपमेंट ऑफ पेरिटोनियल सरफेस ऑन्कोलॉजी' या तज्ज्ञांच्या जाळ्याने २०१६ पासून भारतीय रुग्णांची नोंदवही चालवली आहे. अनुदानावर न विसंबता तज्ज्ञांनी स्वतःच्या बळावर ती सुरू केली, हे कौतुकास्पद आहे. मात्र नोंदवहीत येतो तो शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेला रुग्ण. न पोहोचलेला रुग्ण तेथे कधीच दिसत नाही.

'निवडक रुग्ण' म्हणजे कोण?

तज्ज्ञांच्या लेखनात 'निवडक रुग्ण' हा शब्दप्रयोग सतत भेटतो. अनुकूल असो वा प्रतिकूल, प्रत्येक मत या शब्दापाशी येऊन थांबते. निवड कशाच्या आधारे? रोगाचा विस्तार कमी असावा, यकृतात प्रसार नसावा, रुग्णाची पोषणस्थिती बरी असावी, हृदय व मूत्रपिंड ठीक असावे. या वैद्यकीय कसोट्या योग्यच आहेत. पण त्या लागू होण्यापूर्वी दुसऱ्या कसोट्या लागून गेलेल्या असतात, त्यांचा उल्लेख कोठे येत नाही.

हिरडोशी खोऱ्यातील किंवा केळद-पासलीकडील एखाद्या स्त्रीचा मार्ग सर्वसाधारणपणे असा असतो. जून-जुलैत भातलावणीच्या दिवसांत पोट जड वाटू लागते. गॅस, अपचन, वय झाले, अशी समजूत घातली जाते. गावातील किंवा बाजारपेठेतील डॉक्टर आम्लपित्ताच्या गोळ्या देतात. लावणी उरकल्यावर पोट अधिक दिसू लागते. मग नसरापूर किंवा भोर येथे सोनोग्राफी, पाणी असल्याचा शेरा, कधी क्षयाच्या औषधांची सुरुवात. पुण्याला जाणे दिवाळीनंतर, कापणी-मळणी झाल्यावर. तोपर्यंत तिची पोषणस्थिती खालावलेली असते आणि रोगाचे गुण वाढलेले असतात. पुण्यातील तज्ज्ञ तिला तपासून 'योग्य उमेदवार नाही' असे म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नाहीत. पण निवड त्यांनी केलेली नसते. ती जूनमध्येच होऊन गेलेली असते.

क्षयाचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण पाश्चात्त्य चाचण्यांत तो येतच नाही. पोटाच्या क्षयात पर्युदरावर बारीक दाणे उठतात, पाणी होते, वजन घटते आणि सीए-१२५ नावाचा रक्तातील निर्देशकही वाढतो. अंडाशयाच्या कर्करोगाचे चित्र हुबेहूब हेच. त्यामुळे दोन्ही दिशांनी चुका होतात. क्षयाच्या रुग्णास कर्करोग समजून पोट उघडले जाते आणि कर्करोगाच्या रुग्णास महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली जातात. पाण्यातील पेशींची तपासणी, एडीए या विकराची पातळी आणि शंका असल्यास दुर्बिणीतून घेतलेला पर्युदराचा तुकडा, इतक्या साधनांनी बहुतेक वेळा उलगडा होतो. हायपेकच्या यंत्राच्या तुलनेत ही साधने स्वस्त आहेत. पन्नाशीच्या स्त्रीचे पोट काही आठवड्यांत फुगले तर क्षयाचे औषध सुरू करण्याआधी तुकडा तपासावा, एवढा एक संकेत पाळला गेला तर या दोन तालुक्यांतील अनेक स्त्रियांसाठी तो मात्रांच्या वादापेक्षा मोलाचा ठरेल. तज्ज्ञांच्या परिषदांतून याची चर्चा तुलनेने फार कमी होते.

रोग लवकर शोधण्याचा मार्ग आहे काय, असा प्रश्न सहज येतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत महाराष्ट्राने जगाला धडा दिला आहे. तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या व टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहभागाने एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि एका तपासणीनेही मृत्यू घटतात, हे तिने दाखवले. अंडाशयाबाबत असा मार्ग अद्याप नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे तपासणी करूनही मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे खेडोपाडी अंडाशय तपासणी शिबिरे भरवण्याच्या सूचना सद्‌हेतूने केल्या जात असल्या तरी त्यांना आधार नाही. लक्षणे दिसताच योग्य ठिकाणी पाठवणे, एवढाच मार्ग उरतो.

याच ओघात एक गंमतीचा खुलासा. १९४६ चा प्रसिद्ध 'भोर समिती अहवाल', ज्यातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना पुढे आली, त्याचा भोर गावाशी संबंध नाही. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांच्या नावावरून तो ओळखला जातो. विद्यार्थी ही गल्लत हमखास करतात. परंतु त्या अहवालाने कल्पिलेली पायऱ्यांची साखळी, म्हणजे गाव, केंद्र, मोठे रुग्णालय, भोर तालुक्यात जिथे तुटते तिथेच हा रोग हाताबाहेर जातो.

खर्चाचा उल्लेख थोडक्यात पुरे. विस्तृत शस्त्रक्रिया व हायपेक यांचा खाजगी रुग्णालयातील खर्च लाखांच्या घरात जातो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि संरक्षणाची मर्यादा पुढे दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली. हा मोठाच आधार होय. तथापि बुडालेली मजुरी, पुण्यातील खोली, सोबत राहणारा मुलगा यांची तरतूद कोणत्याही योजनेत बसत नाही. साडेचार महिन्यांच्या सहा औषधफेऱ्यांसाठी वेल्ह्याहून ये-जा करणाऱ्या कुटुंबाला खरा भार याचाच असतो. जिल्हा रुग्णालयांत दिवसभराची कर्करोग उपचार केंद्रे काढण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केली. शिरेवाटे द्यायची औषधे जवळ मिळाली, तर शस्त्रक्रियेपुरतेच दूर जावे लागेल. अर्थात पुण्याचे जिल्हा रुग्णालय औंधला, शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे.

सांगणे आणि न सांगणे

तज्ज्ञमतांतील आणखी एक अनुल्लेखित प्रदेश म्हणजे रुग्णाला काय सांगितले जाते. संमतिपत्रावर सही बहुधा मुलाची किंवा पतीची असते. पर्युदरावर रोग पसरलेल्या आईला 'पोटातली गाठ काढायची आहे' इतकेच सांगितले जाते. २००४ च्या 'श्वास' या संदीप सावंत दिग्दर्शित चित्रपटात कोकणातील नातवाच्या डोळ्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी, त्याची दृष्टी जाणार हे त्या लहान मुलाला सांगितले गेलेच पाहिजे, असा आग्रह शल्यचिकित्सक धरतो. मराठी प्रेक्षकाने ती भूमिका मनापासून स्वीकारली. प्रत्यक्षात सहा वर्षांच्या मुलाला मान्य केलेला हा अधिकार साठ वर्षांच्या स्त्रीला आपल्याकडे सहज मिळत नाही. शस्त्रक्रियेनंतर पोटावर शौचाची पिशवी लागेल काय, वर्ष की तीन वर्षे, यांतले किती दिवस रुग्णालयात जातील, या प्रश्नांची उत्तरे ज्याला देह झिजवायचा आहे त्याला मिळाली पाहिजेत. आयुर्मानाचे महिने मोजणाऱ्या लेखांत या गोष्टी तळटिपेइतक्याच येतात.

शस्त्रक्रिया होऊ न शकणाऱ्यांचे काय? बहुसंख्य रुग्ण याच गटात मोडतात आणि तज्ज्ञांच्या लेखात त्यांच्यासाठी 'परिहारक सेवा द्यावी' असे एक वाक्य असते. त्या वाक्यात बरेच काही दडलेले आहे. पोटातील पाणी वरचेवर काढणे, शक्य असल्यास घरीच काढता येईल अशी नळी बसवणे, आतडी अडकल्यावर उलट्या थांबवणारी औषधे, वेदनेसाठी मॉर्फिन. मॉर्फिनवरील जाचक परवाने कमी करण्यासाठी अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, पण तालुक्याच्या ठिकाणी ते सहज हाती लागत नाही. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे परिहारक सेवा केंद्र विनामूल्य काम करत आहे आणि भोर-वेल्ह्याहून पुण्यात शिरणाऱ्या महामार्गाच्याच वाटेवर ते आहे. असे असता हायपेकसाठी नाकारलेल्या रुग्णाच्या कागदावर त्या केंद्राचे किंवा तशा सेवेचे नाव लिहून देण्यास कोणाचीच हरकत नसावी. शस्त्रक्रिया करणारे व परिहारक सेवा देणारे यांच्या परिषदा वेगळ्या, नियतकालिके वेगळी, शब्द वेगळे; त्यामुळे हा कागद कोराच राहतो.

नोंदीतील पोकळी

अखेरचा मुद्दा आकड्यांचा आहे. भोर व वेल्हे येथे दरवर्षी किती जणांना हा रोग होतो, हा प्रश्न विचारल्यास उत्तर कोणत्या वहीत शोधावे? पुण्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९७३ पासूनची, देशातील जुन्या नोंदणींपैकी; पण तिचे क्षेत्र पुणे व पिंपरी-चिंचवडच्या शहरी वस्तीचे. ग्रामीण महाराष्ट्राची ओळख ठरलेली बार्शीची नोंदणी १९८७ पासूनची, तिचा मूळ परिसर बार्शी, परांडा व भूम तालुक्यांचा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील खोरी या दोहोंच्या मधे राहतात. त्यात भर म्हणजे नोंदणीची रीत. रोग जेथे उगम पावला त्या अवयवाखाली नोंद होते, म्हणून अंडाशयातून पर्युदरावर पसरलेला रोग अंडाशयाच्या रकान्यात जातो आणि उगम न सापडलेला रोग 'अज्ञात' या रकान्यात. पर्युदराच्या स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाखाली येतात ते अगदी थोडे रुग्ण. परिणामी ज्या रोगासाठी कोट्यवधींची यंत्रे विकत घ्यायची त्याचे स्थानिक प्रमाण कोणत्याही तक्त्यात दिसत नाही आणि निदानाआधी किंवा क्षयाच्या औषधांवर असतानाच दगावलेल्या स्त्रिया तर कोणत्याच रकान्यात येत नाहीत. पुण्याच्या नोंदणीचे क्षेत्र भोर, वेल्हे व मुळशी या तालुक्यांपर्यंत वाढवणे आणि प्रसाराच्या जागेची जोडनोंद ठेवणे, या दोन गोष्टी प्रशासकीय स्वरूपाच्या आहेत. त्यांसाठी नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.